नोकरी शहरात, बिऱ्हाड गावात: घर हलवण्याआधी एवढं पक्कं करा

साताऱ्यात, कराडला किंवा सांगली-मिरजेत नोकरी करणाऱ्या तरुण जोडप्यांकडून एकाच धर्तीचे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. शहरातल्या दोन खोल्यांचं भाडं परवडत नाही. मूल तीन-चार वर्षांचं झालंय, त्याला खेळायला अंगण हवं. दहा-पंधरा किलोमीटरवरच्या गावात तेवढ्याच पैशात मोठं घर मिळतंय, किंवा सासरचं-माहेरचं घर रिकामं आहे. तर जावं का? प्लॉट घ्यावा का? मुलाच्या शाळेचं काय? आणि "ग्रामपंचायत एनए" प्लॉट चालतो का?

या प्रश्नांची उत्तरं घराघराप्रमाणे बदलतात, पण दोन गोष्टी सगळ्यांना लागू आहेत. पहिली: जागा निवडताना कमावत्या माणसाच्या सोयीचा विचार नंतर करा, घरातलं सर्वांत लहान मूल आणि दिवसभर त्याच्याजवळ राहणारं माणूस यांचा दिवस कसा जाईल, ते आधी बघा. दुसरी: आधी भाड्याने राहा, त्या घरात एक अख्खा पावसाळा काढा आणि मगच खरेदीचं बोला. हे दोन नियम पाळले, तर पुढे सांगितलेले बहुतेक खड्डे आपोआप टळतील.

खर्चाचं गणित कागदावर मांडा

भाड्यात वाचलेले पैसे प्रवासात जातात का, हे आधी तपासा. पंधरा किलोमीटरवरच्या गावातून रोज येणं-जाणं म्हणजे तीस किलोमीटर. महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर साडेसातशे किलोमीटर. पन्नासचं ॲव्हरेज देणाऱ्या दुचाकीला पंधरा लिटर पेट्रोल लागेल. नवरा-बायको दोघंही वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या दिशेला जात असाल तर तीस लिटर. कागदावर दोन रकाने करा, एक शहराचा, एक गावाचा, आणि त्यात हे सगळं लिहा:

- घरभाडं, घरपट्टी, पाणीपट्टी
- पेट्रोल, गाडीची देखभाल, एसटीचा पास
- शाळेची फी आणि शाळेच्या गाडीचे पैसे
- उन्हाळ्यातले टँकर, पिण्याच्या पाण्याचे जार
- इन्व्हर्टर, इंटरनेट
- मूल सांभाळायला माणूस लागत असेल तर त्याचा पगार

महिन्याकाठी फरक अगदीच किरकोळ निघाला, तर पैशांसाठी हलू नका. मोकळी हवा, आजी-आजोबांचा सहवास, स्वतःचं घर अशी दुसरी कारणं भक्कम असतील तर जरूर हला. पण नेमकं कोणत्या कारणासाठी हलतोय हे दोघांनाही स्पष्ट असू द्या.

कोणत्या बाजूचं गाव?

एकाच शहरापासून सारख्याच अंतरावरच्या दोन गावांत राहणं अगदी वेगळं असू शकतं.

*साताऱ्याभोवती.* शाहूपुरी, विलासपूर, शाहूनगर हे भाग 2020 च्या हद्दवाढीत नगरपालिकेत आले. त्यामुळे तिथे परवानगी, कर, पाणी हे सगळे विषय पालिकेकडे आहेत. जुन्या ग्रामपंचायतीच्या कागदावर विसंबू नका. दक्षिणेला बोरगाव, नागठाणे, अतीत ही गावं महामार्गावर असल्याने वाहन मिळणं सोपं, पण लहान मुलांना महामार्ग ओलांडावा लागत असेल तर विचार करा. पूर्वेला कोरेगावच्या दिशेने पाऊस कमी. साताऱ्याचं रेल्वे स्टेशनही याच बाजूला, क्षेत्र माहुलीजवळ, गावाबाहेर आहे. पश्चिमेला यवतेश्वर-कासच्या अंगाला हवा सुंदर, पण पाऊस धो-धो, घाटात धुकं आणि कासच्या फुलांच्या हंगामात पर्यटकांच्या गाड्यांची रांग. शिवाय त्या पट्ट्यात बांधकामावर पर्यावरणाची बंधनं आहेत. फार्महाऊससाठी दाखवलेला प्लॉट लहान मुलांच्या कुटुंबाने बारमाही राहण्यासाठी घेऊ नये.

*कराडभोवती.* मलकापूर, सैदापूर, विद्यानगर हे भाग आता शहराला जोडून आले आहेत. ओगलेवाडीला रेल्वे स्टेशन आहे. कराड, पाटण आणि शेजारच्या शिराळा तालुक्यातल्या उसाच्या पट्ट्यात बिबट्याचा वावर आहे. घराला लागून ऊस असेल तर अंधार पडल्यावर मूल अंगणात एकटं सोडू नका. परसात उजेड आणि कुंपण या दोन गोष्टींचा खर्च आधीच धरा.

*सांगली-मिरजेभोवती.* माधवनगर, बुधगाव, कवलापूर ही गावं तासगाव रस्त्याच्या अंगाला आहेत. मिरजेच्या पूर्वेला मालगाव, बेडग, आरग. कुपवाड एमआयडीसीत काम करणाऱ्यांना बामणोली, सावळी जवळ. नदीकाठाला हरिपूर, अंकली, कसबे डिग्रज, समडोळी. नदीकाठच्या गावांची माती, पाणी, वस्ती सगळं चांगलं आहे. पण तिथे घर घेण्याआधी पुढचा भाग नीट वाचा.

सांगलीकडे पहिला प्रश्न पुराचा

कृष्णा-वारणेच्या काठाने 2005, 2019 आणि 2021 असे तीन मोठे पूर पाहिले आहेत. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ इशारा पातळी 40 फूट आणि धोका पातळी 45 फूट धरतात. ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 57 फुटांच्या वर गेलं, जुलै 2021 मध्ये 54 फुटांच्या पुढे. म्हणून "इथे कधी पाणी येत नाही" या वाक्यावर विश्वास ठेवायचा नाही. असं विचारा:

- "2019 ला पाणी कुठपर्यंत आलं होतं?" हा प्रश्न घरमालकाला आणि एजंटाला विचारू नका. शाळेतल्या शिक्षकांना, रेशन दुकानदाराला आणि तीन घरं पलीकडच्या आजींना विचारा. तिघांची उत्तरं जुळली तर ती खरी.
- घराच्या भिंती खालून बघा. कमरेइतक्या उंचीपर्यंत नवा रंग आणि वर जुना, खाली फुगलेला गिलावा, दाराच्या चौकटीचं कुजलेलं लाकूड, हे सगळं पाण्याची खूण सांगतं. कपाटं सरकवून मागची भिंत बघायला संकोच करू नका.
- घर कोरडं राहिलं तरी रस्ता राहतो का? पुराच्या दिवसांत गावाला बेटाचं रूप येत असेल तर दूध, औषध, दवाखाना यांचं काय होतं, ते विचारा.
- पाटबंधारे विभागाच्या पूररेषा बघा. निळ्या रेषेच्या आत, म्हणजे नदीच्या बाजूला, नव्या बांधकामाला मनाई असते. निळी आणि लाल रेषा यांच्यामधल्या पट्ट्यात निर्बंध असतात. तुमचा गट नंबर कुठे पडतो हे नगररचना कार्यालयात किंवा पाटबंधारे विभागात अर्ज करून लेखी घ्या.

भाड्याने राहायचं असेल तरी हे चारही प्रश्न विचारा. घर मालकाचं असलं तरी भिजणारा संसार तुमचा असतो.

पाणी, वीज आणि नेटवर्क

घर बघायला रविवारी दुपारी जातात आणि घर पसंत करून येतात. त्याऐवजी एकदा कामाच्या दिवशी सकाळी सहाला जा, म्हणजे नळाला पाणी कधी येतं आणि किती येतं ते दिसेल. एकदा एप्रिल-मे महिन्यात जा. शेजाऱ्यांना पुढील प्रश्न विचारा:

1. नळाला पाणी रोज, एक दिवसाआड की आठवड्यातून दोनदा? साठवायला टाकी किती लिटरची आहे?
2. बोअरचं पाणी पिण्याजोगं आहे का? नसेल तर पिण्याचं पाणी कुठून आणता? तान्हं मूल असेल तर पाण्याचा नमुना तपासून घ्या. प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामपंचायतीत चौकशी केल्यास नमुना कुठे द्यायचा ते कळतं.
3. घर गावठाण फीडरवर आहे की शेतीच्या फीडरवर? मळ्यातल्या घरांना शेतीपंपांच्या वेळापत्रकाप्रमाणे वीज मिळत असेल तर रात्री पंखा नाही आणि सकाळी मिक्सर नाही, असे दिवस येतात.
4. घराच्या आतल्या खोलीत मोबाइलला रेंज आहे का? घरून काम करणार असाल तर फायबर घरापर्यंत आलं आहे का?

स्वतःचं घर असेल तर छतावरच्या सौरपॅनेलचा विचार करा. पंतप्रधान सूर्यघर योजनेत एक किलोवॅटला 30,000, दोन किलोवॅटला 60,000 आणि तीन किलोवॅट किंवा त्याहून जास्त क्षमतेला 78,000 रुपये अनुदान मिळतं. वीजमीटर तुमच्या किंवा घरातल्याच माणसाच्या नावावर असायला हवा.

अंगणवाडी आणि शाळा

सहा वर्षांखालच्या मुलांसाठी गावात अंगणवाडी असते. नाव घालायला आईला मुलासोबत एकदा जाऊ द्या. सेविकेशी ओळख झाली की लसीकरणाचा वार, वजन-उंची, पोषण आहार सगळं कळतं. माता-बाल संरक्षण कार्ड सोबत न्या. शहरात सुरू झालेलं लसीकरण गावच्या उपकेंद्रात पुढे चालू राहतं, पहिल्यापासून घ्यावं लागत नाही.

पहिलीपासून दोन पर्याय: गावातली जिल्हा परिषदेची शाळा किंवा शहरातली, बहुधा इंग्रजी माध्यमाची, शाळा. निवड करताना माध्यमाबरोबर या गोष्टी पाहा:

- पहिली ते चौथीचे वर्ग किती आणि शिक्षक किती? दोन शिक्षकांवर चार वर्ग असतील तर ते कसे सांभाळतात, हे वर्गात बसून बघा. मुख्याध्यापक सहसा परवानगी देतात.
- शाळा सुटल्यावर मूल कुणाकडे? जिल्हा परिषदेच्या शाळा शनिवारी सकाळच्या असतात. त्या दिवशी दुपारी घरी कोण आहे?
- शहरातल्या शाळेची गाडी घरापासून किती लांब थांबते? गाडीत महिला मदतनीस आहे का? 2011 च्या स्कूल बस नियमांप्रमाणे शाळेत परिवहन समिती असते. पालक म्हणून तिच्याकडे विचारणा करायचा तुम्हाला हक्क आहे.
- पाच वर्षांचं मूल रोज गाडीत किती वेळ बसणार? एका बाजूला पाऊण तासाहून जास्त लागत असेल, तर गावातली शाळा पुन्हा एकदा नीट बघा.

शिक्षण हक्क कायदा (आरटीई) 2009 तुमच्या बाजूने आहे. शाळा बदलताना मुख्याध्यापकांनी दाखला लगेच द्यायचा असतो, आणि दाखला यायला उशीर झाला म्हणून सरकारी किंवा अनुदानित शाळेला प्रवेश नाकारता येत नाही. वर्षाच्या मध्यावर हललात तरी मुलाला बसवून घ्यावं लागतं. आरटीईच्या 25 टक्के जागांसाठी अर्ज करणार असाल आणि भाड्याने राहत असाल, तर अर्जाच्या आधीच नोंदणीकृत भाडेकरार लागतो. साध्या कागदावरचा करार चालत नाही.

दवाखाना किती मिनिटांवर?

मूल रात्री दोन वाजता तापाने फणफणलं तर कुठे जायचं, हे घर बघतानाच ठरवा. चार ठिकाणं कागदावर लिहून स्वयंपाकघरात लावा: गावचं उपकेंद्र, जवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र, रात्री उघडा असणारा बालरोगतज्ज्ञांचा दवाखाना आणि मोठं रुग्णालय. साताऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटील जिल्हा रुग्णालय, कराडला वेणूताई चव्हाण उपजिल्हा रुग्णालय, सांगलीत वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय आणि मिरजेला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे. 108 ची रुग्णवाहिका मोफत येते. गरोदर आणि बाळंत बाईसाठी 102.

ऊस, विहीर आणि गोठा जवळ असलेल्या घरात सर्पदंशाचा धोका धरूनच चालावं लागतं. आरोग्य केंद्रात सर्पदंशाची लस ठेवलेली असते का, हे एकदा स्वतः जाऊन विचारा. मांत्रिकाकडे, घट्ट दोरी बांधण्यात किंवा जखम चिरण्यात एक मिनिटही घालवू नका. दंश झालेला हात किंवा पाय हलू न देता थेट दवाखाना गाठा.

रोजचा प्रवास

- दुचाकीवर रोज जाणार असाल तर गळीत हंगामात, म्हणजे साधारण दिवाळीपासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत, अंधारात उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर असतात. मागे रिफ्लेक्टर नसलेली ट्रॉली जवळ गेल्याशिवाय दिसत नाही. संध्याकाळी सातनंतर परतणाऱ्याने आडरस्ता टाळून हमरस्ता धरावा.
- एसटीच्या महिन्याच्या पासात वीस दिवसांच्या भाड्यात तीस दिवस प्रवास करता येतो. महिलांना 17 मार्च 2023 पासून तिकिटात 50 टक्के सवलत आहे. विद्यार्थ्यांना पासात 66.67 टक्के सवलत मिळते आणि 75 वर्षांवरील ज्येष्ठांचा प्रवास मोफत आहे. आजी-आजोबा नातवंडासाठी येऊन-जाऊन राहणार असतील तर हा हिशेबही धरा.
- पुणे-मिरज रेल्वेमार्गावर कोरेगाव, रहिमतपूर, मसूर, किर्लोस्करवाडी, भिलवडी, नांद्रे, माधवनगर अशी स्टेशनं आहेत. मासिक पास स्वस्त पडतो, पण तुमच्या ड्यूटीच्या वेळेला थांबणारी गाडी आहे का आणि स्टेशनापासून घर किती लांब, हे दोन्ही जमलं तरच उपयोग.
- शेवटची एसटी किती वाजता सुटते? ती चुकली तर दुसरी सोय काय? हे गावातल्या रोज ये-जा करणाऱ्या माणसाला विचारा. वेळापत्रकात असलेली गाडी सुट्टीच्या दिवसांत येतेच असं नाही.

राहायचं कुठे? तीन वाटा

*1. भाड्याने.* पहिल्या वर्षासाठी हीच वाट. अकरा महिन्यांचा करार नोंदवून घ्या. तो घरबसल्या ऑनलाइनही नोंदवता येतो आणि ग्रामीण भागात नोंदणी फी 500 रुपये आहे. "गावात कुठे करार करतात" असं म्हणून मालक टाळतील, पण पत्त्याचा पुरावा, शाळा, गॅस, बँक सगळ्यांना हाच कागद लागतो. डिपॉझिटची रक्कम, वीजबिल कुणी भरायचं, परसातली झाडं आणि विहिरीचं पाणी वापरायचं का, हे करारात लिहा.

*2. वडिलोपार्जित घर.* घर मोकळं आहे म्हणजे ते तुमचं आहे असं नाही. त्यावर काका, चुलतभाऊ, आत्या, बहिणी यांचे हक्क असू शकतात. 2005 च्या दुरुस्तीनंतर मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच हिस्सा आहे. राहायला जाण्याआधी सगळ्यांना एकत्र बसवून बोला. दुरुस्तीवर पैसे घालण्याआधी वारसनोंद झाली आहे का ते बघा आणि शक्य असेल तर वाटप करून नोंदणीकृत कागद करा. पाच लाख खर्चून स्लॅब टाकल्यावर भावकीत वाद निघाला, तर घर आणि नाती दोन्ही अडकतात.

*3. विकत.* इथे सर्वांत जास्त फसगत होते, म्हणून हा भाग सविस्तर.

प्लॉट किंवा घर घेताना

सर्वांत आधी तो "ग्रामपंचायत एनए". असा प्रकार कायद्यात नाही. अकृषिक (एनए) आकारणी आणि सनद हे महसूल खात्याचं काम. ग्रामपंचायतीचा नमुना 8 चा उतारा म्हणजे घरपट्टीची नोंद. तो मालकीचा पुरावा नाही. गावठाणाच्या हद्दीपासून 200 मीटरच्या आतल्या जमिनीला जमीन महसूल संहितेच्या कलम 42-ड प्रमाणे निवासी वापराची सवलत आहे, पण त्यासाठीही महसूल खात्याकडे रक्कम भरून सनद घ्यावी लागते आणि बांधकाम परवानगी वेगळी लागतेच. विकणाऱ्याने "होऊन जाईल" म्हटलं तर सनद त्याने काढून द्यावी, मग व्यवहार करा.

सातबारा हातात घेतला की या जागा वाचा:

- *भोगवटादार वर्ग.* वर्ग 1 असेल तर साधारणपणे विक्रीला अडचण नाही. वर्ग 2 असेल तर सक्षम अधिकाऱ्याची परवानगी लागते.
- *इतर हक्क.* उताऱ्याचा हा रकाना लोक वाचत नाहीत आणि खरी गोष्ट तिथेच लिहिलेली असते. बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा, कुळाचं नाव, देवस्थान इनाम, वतन, "पुनर्वसनासाठी" असा शेरा. सातारा-सांगलीत कोयना, धोम, कण्हेर, वारणा अशा धरणांच्या पुनर्वसनामुळे अनेक गावांच्या उताऱ्यांवर असे शेरे आहेत. शेरा दिसला की व्यवहार थांबवा आणि तलाठ्याकडून (आता ग्राम महसूल अधिकारी) अर्थ समजून घ्या.
- *मालकांची नावं.* पाच नावं असतील आणि सही एकच करणार असेल तर सोडून द्या.
- *फेरफार.* मागचे फेरफार काढून जमीन आजच्या मालकाकडे कशी आली ते बघा.

डिजिटल सहीचा सातबारा शासनाच्या महाभूमी संकेतस्थळावर काही रुपयांत मिळतो. विकणाऱ्याने दिलेल्या झेरॉक्सवर जाऊ नका, स्वतः काढा.

नेहमी दिसणारे चार सापळे असे:

1. *सामाईक गुंठे.* दहा जण मिळून दहा गुंठे घेतात, सगळ्यांची नावं एका सातबाऱ्यावर लागतात आणि जागेवर दगड रोवून ज्याचा-त्याचा गुंठा दाखवतात. कागदावर तुमचा वेगळा तुकडा कुठेच नसतो. कर्ज मिळत नाही, विकता येत नाही. 2023 पासून शेतजमिनीचं किमान क्षेत्र बागायतीला 10 आणि जिरायतीला 20 गुंठे ठरलं आहे. 2025 मध्ये शासनाने यातले काही नियम शिथिल करायला घेतले, पण ती सवलत तुमच्या गटाला लागू आहे का हे दुय्यम निबंधक कार्यालयात विचारूनच पुढे जा.
2. *शेतकरी नसताना शेतजमीन.* कूळकायद्याच्या कलम 63 प्रमाणे शेतजमीन शेतकऱ्यालाच घेता येते. तुमच्या किंवा वडिलांच्या नावे शेती नसेल तर अकृषिक प्लॉटच बघा.
3. *नोटरी आणि मुखत्यारपत्र.* स्टॅम्पपेपरवर नोटरी केलेल्या कागदाने घर किंवा जमीन तुमची होत नाही. नोंदणीकृत खरेदीखतच लागतं.
4. *गुंठेवारीचं आश्वासन.* सांगली-मिरज-कुपवाडात गुंठेवारी वसाहती मोठ्या आहेत. 2001 चा गुंठेवारी कायदा 2021 मध्ये दुरुस्त होऊन 31 डिसेंबर 2020 पर्यंतच्या बांधकामांना नियमित करायची संधी मिळाली. नियमितीकरण झालं असेल तर प्रमाणपत्र बघा. "अर्ज दिलाय" याला किंमत नाही.

मोठ्या लेआउटमध्ये प्लॉट किंवा फ्लॅट असेल तर महारेराचा नोंदणी क्रमांक मागा आणि तो महारेराच्या संकेतस्थळावर स्वतः तपासा. इथे नोंदणी लागत नाही असं सांगितलं, तर का लागत नाही ते लेखी मागा. विसार देण्याआधी वकिलाकडून तीस वर्षांचा शोध अहवाल करून घ्या, भूमी अभिलेख कार्यालयाकडून सरकारी मोजणी करून हद्द कायम करा, आणि तुमची बँक याच कागदपत्रांवर कर्ज देईल का ते विचारा. बँकेने नाही म्हटलं तर तो मोफत मिळालेला सल्ला समजा. खरेदी पत्नीच्या एकटीच्या नावे केली तर निवासी मिळकतीवर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. नोंदणी फी एक टक्का, पण जास्तीत जास्त 30,000 रुपये.

घरातल्या बाईचं मत आधी

गावात जायचा निर्णय बहुतेक घरांत पुरुष घेतो आणि त्याचा भार बाईवर पडतो. पाणी भरणं, मुलाला शाळेत सोडणं, सासू-सासऱ्यांचं, पै-पाहुण्यांचं करणं आणि त्यातून वेळ काढून शहरातली नोकरी. म्हणून सामान बांधण्याआधी बसून ठरवा: मुलाला कोण सोडणार, कोण आणणार; आठवड्यातले कोणते दिवस नवऱ्याने लवकर घरी यायचं; तिची नोकरी चालू राहणार का आणि तिच्यासाठी गाडी कोणती. एकत्र कुटुंबात जात असाल तर स्वयंपाक एक की वेगळा, महिन्याला किती पैसे द्यायचे, हे पहिल्याच दिवशी मोकळेपणाने बोला. "हलल्यामुळे तिला नोकरी सोडावी लागली" असा शेवट होणार असेल, तर तो घराच्या हिशेबातला सर्वांत मोठा खर्च आहे. गाव बदला किंवा बेत पुढे ढकला.

गावात तुमचे हक्क

तुम्ही भाडेकरू असा की नवे मालक, गावात राहायला आलात की गावच्या कारभारात तुमचा वाटा आहे.

- *मतदार यादी.* पत्ता बदलण्यासाठी मतदार नोंदणीचा नमुना 8 भरा. गावच्या यादीत नाव आलं की तुम्ही ग्रामसभेचे सदस्य झालात.
- *ग्रामसभा.* वर्षाला किमान चार ग्रामसभा व्हायला हव्यात. बहुतेक गावांत त्या 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबरच्या सुमारास भरतात. पाणी, गटार, दिवाबत्ती, शाळेची भिंत यांबद्दलचा प्रश्न तिथे मांडा आणि इतिवृत्तात लिहून घ्या.
- *दाखले.* 2015 च्या लोकसेवा हक्क कायद्याप्रमाणे जन्म, मृत्यू, विवाह नोंद, घरपट्टीचा नमुना 8 असे दाखले ठरावीक दिवसांत मिळायला हवेत. मुदतीची यादी कार्यालयात लावलेली असते. अर्जाची पोच घ्यायला विसरू नका. उशीर झाला तर अपील करता येतं.
- *माहिती.* पाणी योजनेवर किती खर्च झाला, रस्ता कुणी केला, हे माहिती अधिकारात विचारता येतं; उत्तर 30 दिवसांत मिळायला हवं.
- *रेशनकार्ड, आधार, गॅस.* पत्ते एकामागोमाग एक बदला. आधी भाडेकराराने आधार, मग बाकीचे.

हक्कांइतकंच वागणंही महत्त्वाचं. गावची यात्रा, गणपती, शाळेचं स्नेहसंमेलन यांची वर्गणी ऐपतीप्रमाणे द्या, बोलावणं आलं की जा, कुणाच्या दुःखात दारात उभे राहा. मूल दुपारी एकटं असताना त्याच्याकडे लक्ष देणारी माणसं याच ओळखींतून मिळतात.

हलवायचा क्रम

1. *जानेवारी-फेब्रुवारी:* दोघांनी मिळून तीन गावं निवडा. प्रत्येक गावातून एकदा कामाच्या दिवशी, ड्यूटीच्या वेळेला, प्रत्यक्ष प्रवास करून बघा.
2. *मार्च-एप्रिल:* शाळा, अंगणवाडी, आरोग्य केंद्र बघा. पाण्याची स्थिती याच दिवसांत खरी कळते. आरटीईचा अर्ज करणार असाल तर करार आधी नोंदवा.
3. *मे:* भाडेकरार, शाळेचा दाखला, सामानाची गाडी. शहरातलं घर सोडण्याआधी तिथल्या वीजबिलाचा आणि डिपॉझिटचा हिशेब मिटवा.
4. *जून मध्य:* शाळा सुरू. पहिले पंधरा दिवस आई-वडिलांपैकी एकाने सकाळी घरी राहता येईल अशी रजा ठेवा.
5. *जून ते सप्टेंबर:* पावसाळा याच घरात काढा. रस्ता, वीज, ओल, डास, पूर, सगळं वहीत लिहा.
6. *दिवाळीनंतर:* वही समोर ठेवून दोघं बसा. राहायचं ठरलं तर मग सातबारा काढा, जागा बघा. परत जायचं ठरलं तर बिनदिक्कत परता. अकरा महिन्यांचा भाडेकरार त्यासाठीच असतो.

जमीन विकणारा नेहमी घाईत असतो, "दुसरं गिऱ्हाईक उभं आहे" म्हणतो. तुम्हाला घाई करायचं कारण नाही. एक पावसाळा भाड्याने काढल्यावर हातातून गेलेला प्लॉट फार तर महाग पडतो. न बघता घेतलेला प्लॉट मुलांची शाळा, दोघांची नोकरी आणि आयुष्यभराची बचत एकदमच अडकवतो. म्हणून आधी राहून बघा, सगळे कागद स्वतः वाचा, आणि दोघांचंही मन होकार देत असेल तरच विसार द्या.